पोस्टाजवळ, हिवरखेड

प्रियदर्शनी : मोबाइल म्हनते आला, तं तुह्या मोबाइलात आला असन! आमच्या दारात नाई आला ना दादा!

ललित : अगं, इथं स्पष्ट दिसतंय मला. एक वाजून चाळीस मिनिटांनी दिलाय केक. हिरवी खूण पण आहे. तू नीट बघितलंस का बाहेर?

प्रियदर्शनी : बारा वाजल्यापासून दारात उभी आहो मी. टाळू भाजली माही. एक कुत्रं आलं, एक भांडेवाली आली, अन् पोस्टातले पुंजाजीकाका खुर्च्या मांगाले आले. केक नाई आला.

ललित : मग आईनं घेतला असेल.

प्रियदर्शनी : माय विहारात आलुबोंडे तळून राहिली, सकाळपासून. पाच वाजता बाबाच्या निरोपाचा कार्यक्रम आहे, दीडशे मानूस येऊन राहिलं, अन् तुहा केक हिरव्या खुणेत बसला आहे.

ललित : ओरडू नकोस. मी मीटिंगमधून बाहेर येऊन बोलतोय तुझ्याशी.

प्रियदर्शनी : 'बोलतोय तुझ्याशी!' पाच वर्सांत पुन्यानं तुही जीभ बी धुवून काढली काय रे?

ललित : प्रिया, विषय केकचा आहे.

प्रियदर्शनी : केकचाच तं आहे! मंगळवारी म्या इचारलं का नाई तुले? दादा, बाबाच्या रिटायरमेंटचा केक मी करतो. सामान आनलं होतं, साचा धुवून ठेवला होता. तू काय म्हनला? सांग, तुह्या तोंडानं सांग.

ललित : मी म्हटलं, या वेळी चांगला मागवू.

प्रियदर्शनी : 'चांगला'! अन् पुढं काय म्हनला? 'लोकांसमोर घरचा केक बरा नाही दिसत.' अबे, याच लोकाइच्या घरी माहाच केक जाते! चंद्रभानदादाच्या पोट्टीच्या बड्डेले कोनं केला? सरपंचाच्या लग्नाच्या पंचवीस वर्साले कोनं केला? तेल्हाऱ्याहून मानसं येतेत फटफटीवर केक न्याले, अन् माह्या बापाले पुन्याहून?

ललित : पुण्याहून नाही गं येत तो. त्यांची सगळीकडे दुकानं असतात.

प्रियदर्शनी : दुकानं नाई त्याइचे, दादा. एक बी दुकान नाई. मले नको सांगू. त्याच कंपनीचा मले संक्रांतीले फोन आलता.

ललित : तुला?

प्रियदर्शनी : हो, मले. दहावीनंतर शाळा सोडलेल्या पोट्टीले. मॅडम म्हने, तुमच्या भागातल्या ऑर्डरी आमी तुमाले देऊ, केक तुमी बनवा, डब्बा आमचा लावा. म्या म्हनलं, अन् माहं नाव? तं म्हने, नाव आमचंच राह्यन, तुमचा नंबर बी लिवाचा नाई. म्या फोनच कापला. म्हंजे तू ज्याले 'चांगला' म्हनते ना, तो बी कोन्या गावच्या माह्यासारखीनंच केला असन. तिचं नाव पुसून.

ललित : हे तू मला आधी नाही सांगितलंस.

प्रियदर्शनी : तू आधी इचारलं काय? तू तं डायरेक पैसे भरून फोटो पाठवला. 'सरप्राइज'. पत्ता काय टाकला ते सांग पहिले.

ललित : पत्ता बरोबर आहे. 'बाबा, पोस्टाजवळ, हिवरखेड.'

प्रियदर्शनी : कोन बाबा?

ललित : अगं, आपले बाबा.

प्रियदर्शनी : ते तुले माहीत, मले माहीत. डिलिव्हरीवाल्याले कोन सांगन? धर्मपाल नाव नाई टाकता येत होतं?

ललित : केकवर पण 'बाबा' होतं, म्हणून पत्त्यातही तेच टाकलं. छान वाटलं. आणि तो आला तेव्हा त्यानं फोन केला होता मला. म्हणाला, घर सापडत नाही. मी मीटिंगमध्ये होतो. सांगितलं, पोस्टाजवळ कुणालाही विचार, बाबांचं घर दाखवतील.

प्रियदर्शनी : अन् पिन कोड?

ललित : तो आपोआप येतो. मी हिवरखेड टाकलं, तर खाली तीन हिवरखेड आले. मी पहिलं दाबलं.

प्रियदर्शनी : ...तालुका कोनता होता त्या पहिल्याचा?

ललित : थांब, बघतो. ता... मोर्शी.

प्रियदर्शनी : मोर्शी!

ललित : म्हणजे...

प्रियदर्शनी : म्हंजे अमरावती जिल्हा, भैताडा! आपन अकोल्यात, अन् केक गेला मोर्शीच्या हिवरखेडले! बापानं तीस वर्स या गावात टपाल वाटलं. दुसऱ्या हिवरखेडची चिठ्ठी चुकून आली तं सायकल थांबवून पिन कोड वाचून दाखवे तो आपल्याले. अन् त्याच्याच पोराले घरचा पिन कोड माहीत नाई!

ललित : हो, चुकलं. आता काय करायचं ते सांग ना. इथं घेणाऱ्याचं नाव दिसतंय. माणिकबाई. खाली नंबर पण आहे. मी लावू का?

प्रियदर्शनी : तू नको लावू. तू लावशीन तं केक नागपूरले जाईन. नंबर दे इकडं. अशी बोलतो ना तिले! दुसऱ्याचा केक घेऊन घरात बसली!

(ती ललितचा फोन ठेवते आणि तो नंबर लावते.)

माणिकबाई : हालो? कोन बोलून राहिलं?

प्रियदर्शनी : तुमच्याकडं आज दुपारी केकचा डब्बा आला ना? चॉकलेटचा?

माणिकबाई : आला ना वं माय! तू कंपनीतली पोरगी काय? भल्ला गोड होता. थोडासा पंघरला होता उन्हानं, पन चालते.

प्रियदर्शनी : होता? म्हंजे कापला बी तुमी?

माणिकबाई : मंग! आमचे हे चार सालापासून खाटेवरच आहेत, बाई. डावा हात उचलत नाई. त्याइच्या उजव्या हातात सुरी देल्ली, वरून म्या हात धरला. शेजारच्या पोट्टीनं वाचून दाखवलं वरचं. 'बाबा, खूप थकलात, आता आराम करा.' हे लहान लेकरावानी रडले वं.

प्रियदर्शनी : मावशी, ऐका माहं जरा. तो केक...

माणिकबाई : आमच्या श्रावणनं पाठवला, मले मालूम आहे. पोस्टाजवळ बाबाचं घर कोनतं म्हनून तो गाडीवाला इचारून राहिला होता. पोस्टाजवळ याइलेच तं बाबा म्हनतेत सारे. श्रावण सुरतले आहे, साडीच्या कारखान्यात. दोन दिवाळ्या झाल्या, फोन लागत नाई त्याचा. म्या म्हनत होती, इसरलं पोरगं. हे म्हनेत, नाई इसरत, पाय तू. अन् आज पाय! बाई, तुमच्या कंपनीत त्याचा नवा नंबर असन ना? देतं का मले? याइले एक डाव आवाज ऐकवाचा आहे त्याचा.

प्रियदर्शनी : नंबर... नाई मावशी माह्यापाशी नंबर.

माणिकबाई : असू दे, असू दे. पाठवला तेच लय झालं. तू कायच्यासाठी फोन केलता मंग?

प्रियदर्शनी : काई नाई. पोचला का नाई, तेवढंच इचाराचं होतं.

माणिकबाई : पोचला माय, पोचला. सुखी राह्य.

(ती पुन्हा ललितला फोन लावते.)

ललित : हां, बोल. काय म्हणाली ती? परत देते का?

प्रियदर्शनी : खाल्ला त्याइनं.

ललित : खाल्ला? असा कसा खाल्ला? मी आत्ताच तक्रार टाकतो.

प्रियदर्शनी : टाकून तं पाय! कंपनीवाले त्या बुढीले फोन लावतीन. म्हनतीन, केक तुमचा नव्हता. खबरदार सांगतो तुले.

ललित : तू कुणाच्या बाजूनं आहेस?

प्रियदर्शनी : तुह्या तं नाईच.

ललित : बरं, ते सोड. सामान आहे ना घरात? मग आता तूच कर पटकन काहीतरी. घरचा पण चालेल.

प्रियदर्शनी : चालेल? 'घरचा पन चालेल'? मोर्शीले गेलेला केक 'चांगला' अन् माहा 'चालेल'? पावनेचार वाजले इथं! मंगळवारी माहे हात काय चाटले होते कुत्र्यानं? कापू दे बाबाले आलुबोंडा! नाई करत मी, जाय! ठेव फोन!

बाबा : कोनावर आग पाखडून राहिली वं? पार गल्लीपर्यंत आवाज येते.

प्रियदर्शनी : बाबा! तुमी आले बी? पाचले येनार होते ना?

बाबा : थैला जमा केला, सायकल जमा केली. मंग बसून काय करू? पोस्टमास्तर म्हने, जा धर्मपालजी, आंघोळ करून या. काय झालं?

प्रियदर्शनी : दादानं तुमच्यासाठी केक मागवला होता. तो मोर्शीच्या हिवरखेडले गेला.

बाबा : पिन कोड पाह्यला नसन.

प्रियदर्शनी : नाई पाह्यला. नाव बी नाई टाकलं. नुसतं 'बाबा'.

बाबा : अन् घेतला कोनं?

प्रियदर्शनी : एक बुढी आहे. नवरा खाटेवर. तिले वाटलं सुरतच्या पोरानं पाठवला. मी चांगली भांडाले फोन केलता, बाबा. पन पोचला का नाई, तेवढंच इचारून ठेवला.

बाबा : हं. पोचला म्हन मंग.

प्रियदर्शनी : तुमाले नाई पोचला ना पन!

बाबा : मले काय करता तो? तू काहून नाई केला?

प्रियदर्शनी : दादा नाई म्हने. लोकाइसमोर घरचा बरा नाई दिसत म्हने.

बाबा : मले इचारलं होतं काय कोनं?

प्रियदर्शनी : ...नाई.

बाबा : सामान आहे?

प्रियदर्शनी : आहे. पन तीन घंटे लागतीन, बाबा. भाजा लागन, थंड करा लागन, या गर्मीत क्रीम टिकत नाई. पाचचा टाइम आहे. लोकं येऊन बसतीन, ताटकळतीन.

बाबा : बसू दे. मनिऑर्डरसाठी याइनं माही आठ-आठ दिवस वाट पाह्यली, पोरी. तुही दोन घंटे पाह्यतीन.