जेवणाच्या सुट्टीतली स्वच्छ हवा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय आयुक्त साहेब. वाहतूक नियोजन विभागाच्या प्रमुख आणि आजपासून, निदान कागदोपत्री तरी, निवृत्त झालेल्या आमच्या मॅडम. पहिल्या रांगेत बसलेले मॅडमचे यजमान. व्यापारी संघाचे अध्यक्ष, आमचे फर्निचरवाले शेठ. विभागातले सहकारी, आणि चहा केव्हा येणार या काळजीत असलेले सर्व उपस्थितहो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. मॅडमच्या हाताखाली बारा वर्षं काढल्यावर कुठलाही आकडा तपासल्याशिवाय राहवत नाही, म्हणून सांगते, आधीच्या तिन्ही वक्त्यांना पाच-पाच मिनिटंच दिली होती आणि आता पाऊण तास होऊन गेला आहे.

आत्ताच मानपत्र वाचलं गेलं. त्यात ‘एक अपवाद वगळता निर्दोष सेवा’ असं एक वाक्य आहे. त्या अपवादाबद्दल बोलायला मी उभी आहे. तो शिक्का घेऊन मॅडम घरी जाऊ नयेत, एवढंच मला आज करायचं आहे. पण आधी त्यांची थोडी थट्टा करून घेते, कारण उद्यापासून त्या मला केबिनमध्ये बोलावू शकणार नाहीत.

मॅडमच्या घरी गाडी आहे. ती यजमानांची. मॅडम बसने येतात. मी एकदा यजमानांना विचारलं, तुम्ही सोडत का नाही त्यांना? ते म्हणाले, "आमच्या घरात गाडीला छप्पर आहे, गाडीवाल्याला मान नाही." फाटकाशी इंजिन चालू ठेवून हॉर्न वाजवायची त्यांची जुनी सवय मॅडमनी मोडली म्हणतात. कशी मोडली, ते त्यांनी मला सांगितलं नाही. त्यांचा चेहरा बघून मीही पुढे विचारलं नाही.

मॅडमचं म्हणणं मात्र फार साधं होतं. गाडी घेऊन बाजारात येणारा इंधनाचे पैसे देतो. पण त्याच्या मागे अडकलेल्या बसमधल्या चाळीस माणसांची वीस-वीस मिनिटं, आणि रस्त्याकडेच्या शाळेतल्या मुलांचा खोकला, याचे पैसे कोण देतं? तेव्हा बाजाररस्त्यावर गाडी आणणाऱ्याकडून थोडं शुल्क घ्यावं आणि त्यातून बस वाढवाव्यात. झालं, एवढंच. एवढं पटवायला त्यांना अर्धं आयुष्य लागलं, कारण समोर आमचे शेठ होते.

शेठ, हसू नका, तुमच्यावरच येतेय. शेठ तावातावाने केबिनमध्ये आले, की गाड्या बंद झाल्या तर गिऱ्हाईक बंद होईल. मॅडमनी वाद घातला नाही. त्यांना एक वही दिली आणि सांगितलं, दोन दिवस स्वतःच्या दुकानाच्या दारात बसा, आणि कोण कशाने आलं ते लिहा. शेठ प्रामाणिक माणूस, बसले. दहांतले सात जण पायी किंवा बसने आलेले निघाले. आणि दुकानासमोरची जागा सकाळपासून संध्याकाळपर्यंत ज्या दोन गाड्यांनी अडवली होती, त्यांतली एक शेठची होती आणि दुसरी त्यांच्या जावयाची. वही परत देताना ते म्हणाले होते, "जावयाचं घरी सांगू नका."

आता त्या अपवादाकडे येते.

नऊ वर्षांपूर्वी बाजारातल्या चौकात हवेतला धूर मोजायचा होता. तीन पायांच्या तिकाटण्यावर बसवायचं एक यंत्र होतं. ते काम माझ्याकडे होतं. यंत्राची बॅटरी टिकत नव्हती, म्हणून मी ते ऑफिसच्या जीपला जोडलं. आणि जीपची बॅटरी उतरू नये म्हणून आमच्या ड्रायव्हरकाकांना इंजिन चालू ठेवायला सांगितलं. सात दिवस. काका तेव्हाच म्हणाले होते, "ताई, गाडी उगीच जळतेय." मी त्यांना सांगितलं, काका, हे शास्त्रीय काम आहे.

आकडे भयंकर आले. फक्त दुपारी एक ते दीड या वेळात धूर एकदम कमी. मी अहवालात त्यावर अख्खा परिच्छेद लिहिला, की या वेळात नागरिक वाहनांचा वापर संयमाने करतात आणि हा आदर्श इतर वेळीही रुजवता येईल. त्या अहवालावर योजना मंजूर झाली, शुल्क सुरू झालं, बस वेळेवर धावू लागल्या.

तीन महिन्यांनी मी माझी रोजची वही चाळत होते. त्यात एक ओळ दिसली. काका एक वाजता जीप घेऊन जेवायला गेले, यंत्र तेवढा वेळ स्वतःच्या बॅटरीवर. दुसऱ्या दिवशी तीच ओळ. सातही दिवस तीच.

मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. उभ्याउभ्याच सांगून टाकलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, काका किती वेळ जेवायचे? मी म्हटलं, अर्धा तास. त्या म्हणाल्या, "बरं झालं ते जेवले. रोज तेवढा अर्धा तास तरी आपण हवा मोजली."

दुसऱ्याच दिवशी त्या समितीसमोर गेल्या आणि स्वतःची योजना स्वतः मागे घेतली. एका सभासदाने विचारलं, यंत्र तिथे ठेवलं कुणी? मॅडम म्हणाल्या, अहवालाखाली सही कुणाची आहे ती वाचा. मी मागच्या खुर्चीत फाइली मांडीवर घेऊन बसले होते. मला उठता आलं असतं. मी उठले नाही. घरी जाऊन वहीत ‘सुटले’ असं लिहिलं, मग खोडलं. खोडलेला शब्द जास्तच ठळक दिसतो, हे तेव्हा कळलं.

त्या वर्षी मॅडमना वरचं पद मिळायचं होतं, ते दुसरीकडे गेलं. त्यांनी बॅटऱ्या हातगाडीवर घालून वर्षभर तोच चौक पुन्हा मोजून घेतला. आकडे माझ्यापेक्षा पुष्कळ कमी आले, पण शुल्क लावावं इतके नक्की होते. गेली आठ वर्षं समिती ते आकडे मांडू देत नव्हती. आता येत्या सोमवारी ती योजना पुन्हा समितीसमोर आहे, आणि विरोधक म्हणताहेत की ज्या बाईंना स्वतःच्या जीपचा धूर ओळखता आला नाही त्यांचे आकडे कशाला ऐकायचे.

वाक्य चांगलं आहे. फक्त बाई चुकीच्या धरल्या आहेत.

मी स्वतःला विचारलं, नाव बदलल्याने हवा बदलणार आहे का? नाही. पण चूक कळल्यावर एक दिवसही न थांबता सांगणाऱ्या माणसाच्या आकड्यांवर विश्वास ठेवायला हरकत नसावी. नऊ वर्षं थांबणारी बाई मी आहे.

साहेब, सगळं लिहून सही केलेलं पत्र हे तुमच्यासमोर ठेवते. सोमवारी योजना मी मांडायची आणि विभाग मी सांभाळायचा असं ठरलं आहे. पत्र वाचून ते बदलावंसं वाटलं तर जरूर बदला.

मॅडम मघापासून मला खाली बसायची खूण करताहेत. मॅडम, बारा वर्षांत आज पहिल्यांदा तुमचं ऐकत नाही.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. काकांचे विशेष आभार, जेवणाची वेळ पाळल्याबद्दल. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. ती एक चूक मात्र पोटात घालू नये. मानपत्रातून ती खोडावी, आणि माझ्या नावावर लिहावी.