ओवीला कोण घेणार?

अरे, आमच्या युरोपच्या बेताची गंमत तुम्हाला सांगायचीच राहिली! आमची लेक ओवी तेव्हा आठ महिन्यांची होती आणि आम्ही दोघांनी तीन आठवडे गाडीने युरोप फिरायचं ठरवलं होतं. डहाणूला आईबाबांना सांगायची मला धास्ती. बाबा चिकूच्या वाडीतून आले, तसा मी भीतभीतच त्यांच्यासमोर नकाशा पसरला.

“गाडी तू चालवणार, सूनबाई रस्ता बघणार. मग ओवीला कोण घेणार?” बाबांनी विचारलं.

“बाळांची वेगळी सीट असते, बाबा.”

“सीट अंगाई म्हणते का?”

मला वाटलं, बारगळला बेत. तेवढ्यात आईने कपाटातून स्वतःचा आणि बाबांचा, असे दोन कोरे करकरीत पासपोर्ट आणून नकाशावर ठेवले.

बाबा म्हणाले, “सूनबाईने केव्हाच सांगितलंय. तू कधी विचारतोस, याचीच वाट बघत होतो!”