चार कोपऱ्यांतल्या मांजरी

डोळ्यांत थेंब घातलेले आजोबा दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून बसले होते. शेजारी आजी, हातात नातवाचा जुना व्हिडिओ गेम. समोर नर्सबाईंचे हात कापसाच्या बोळ्यांवर होते, कान मात्र बाकाकडे.

"अगं, गेमवर आजचं नवं कोडं डाउनलोड केलंस का?"

"केलंय. वाचते, पण डोळे उघडायचे नाहीत हं. खोलीच्या चार कोपऱ्यांत एकेक मांजर. प्रत्येकीला समोर तीन मांजरी दिसतात. एकूण किती?"

"सोळा!"

"परत विचार करा."

"बटण वाजलं नाही, म्हणजे तू उत्तर टाकलंच नाहीस. चुकलं हे कसं कळलं?"

"अहो, असंच..."

"बोल की."

"तुम्ही उठायच्या आत मी रोज सोडवून बघते. अडलात तर चहा देताना हळूच सुचवता येतं."

"तरीच!"

"रागावलात?"

"छे गं. चार मांजरी, हे मला केव्हाच कळलं होतं."

"मग सोळा कशाला म्हणालात?"

"उत्तर पटकन बरोबर दिलं, की तू कप ठेवून लगेच उठतेस."

आतून डॉक्टरांची घंटा वाजली.

"थांबा जरा, थेंब अजून मुरायचेत," नर्सबाईंनी बसल्या जागेवरूनच ठोकून दिलं.