उभ्यानं टाचलेली गोधडी

माझं नाव सुमन. मी कळवणच्या बाजूची आन् लासलगावजवळ दिलेली, आता ह्या घरात किती वर्सं झाली ते मोजायला कोन बसलंय. लगीन होऊन आले तवा माझं बोलनं पार माहेरचं व्हतं, आमच्याकडं हाय म्हनायच्या जागी शे म्हनत्यात, मी पानी शे म्हनलं की हितल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. मला बोलायची चोरी झाली. मंग मी काय केलं, गप बसून गोधडी शिवायला घेतली. काय सांगू तुम्हाला ताई, ती गोधडी उन्हात टाकली आन् साऱ्यांचं हसनं बंद झालं. शे म्हना नायतर हाय म्हना, टाका सरळ पडला की झालं.

शिकवलं मला आईनं. आई म्हनायची, गोधडी पुढनं बघू नये, उलटी करून बघावी. पुढनं रंगीत ठिगळं सारं झाकून घेत्यात, मागं एक जरी चुनी पडली तरी कळतं की बाईचा हात कसा हाय. आन् चुनी पडू द्यायची नसली तर आधी टाचावं लागतं. आता टाचनं म्हंजी काय ते सांगते, तुम्ही शहरातल्या. खाली एक साडी अस्तराला, तिच्यावर जुन्या साड्या-धोतरं, त्याला आम्ही पोट म्हनतो, आन् वर ठिगळं जोडलेला थर. हे सारं भुईवर अंथरायचं, चार कोपऱ्यांवर चार दगडं ठेवायची आन् त्याच्यावर उकिडवं बसून, रांगत रांगत, लांब लांब कच्चे टाके घालायचे, म्हंजी थर सरकत नायत. मंग बारीक पक्का टाका. पक्का टाका तुम्ही बाजेवर बसून घाला, खुर्चीवर बसून घाला, पन टाचायला भुईच पायजे. अख्खा दिवस भुईवर जातो. पक्का टाका झाला की कच्चे टाके उसवून टाकायचे.

तर माझ्या भावाला पाच पोरी. पाच पोरी झाल्या म्हनून कुनी चुकचुकलं तर मी त्याला उभंच करायची नाय दारात. आमच्या माहेरी आत्यानं भाचीला सासरी जाताना गोधडी द्यायची रीत हाय. आई गेली तवा तिचं एक लुगडं मी मागून घेतलं, हिरवं, बारीक काठाचं, आन् त्याचे पाच तुकडे केले. एका एका भाचीच्या गोधडीच्या पोटात एक एक तुकडा. नात सासरी गेली तरी आजीच्या पदराखाली निजंल, असं आपलं माझ्या मनात. चौघींची लग्नं झाली, चार गोधड्या गेल्या. ऱ्हायली धाकटी, वैशाली. आन् ऱ्हायला एक तुकडा.

आन् त्याच वक्ताला माझे गुडघे गेले. कांदा लावायला, खुरपायला, काढायला सारा जनम उकिडवं बसून गेला, ते तरी किती सोसत्याल. डॉक्टर म्हनले मावशी, आता मांडी नाय, उकिडवं नाय, भुईवर बसायचंच नाय. मी म्हनलं हो हो, आन् घरी येऊन अस्तर अंथरलं आन् बसले. बसले ती बसलेच. उठता येईना. आमच्या ह्यांनी काखेत हात घालून उचललं, लहान पोराला उचलत्यात तसं, आन् मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. दुखलं म्हनून नाय ताई. पाचवीला काय द्यायचं म्हनून रडले.

माझी थोरली जाऊ शेजारच्याच घरात ऱ्हाते, आक्का म्हनतो आम्ही तिला. आक्का म्हंजी गोधडीतली पाटलीन, तिचा शब्द खाली पडायचा नाय. पन दोन वर्सं झाली, तिनं बी सुई ठेवून दिलेली, म्हनायची डोळ्यांना दिसत नाय. ती आली आन् म्हनली, कशाला जीव काढतीस, दुकानात ब्लँकेट मिळत्यात, वाघाचं चित्र असलेली, घे एक आन् दे पोरीला. मला असा राग आला, असा राग आला. चौघींना आजीचं लुगडं आन् पाचवीला वाघ?

माझी लेक ज्योती नाशकात एका शिवनकामाच्या दुकानात कामाला हाय. तिथं मोठ्या घरच्या बाया येत्यात, त्या बी गोधड्याच शिवत्यात पन क्विल्ट म्हनत्यात. मी फोनवर ज्योतीपाशी रडले, तर पुढच्या रविवारी ती एक डबा घेऊन आली, लांबुडका, वर दाबायचं बटन. मी म्हनलं हे काय, ढेकनं मारायचं? ती म्हनली, आई, हा फवाऱ्याचा डिंक हाय, कापडावर मारायचा, त्याच्यावर दुसरा थर ठेवायचा, टाचायचं कामच नाय, आन् धुतलं की डिंक निघून जातो. मी म्हनलं गोधडी काय पाकीट हाय का चिकटवायला? तर म्हनली करून तर बघ, पन घर बंद करून मारू नको, मोकळ्या हवेत मार, आन् चुलीजवळ तर अजिबात नको, पेट घेईल. एवढं सांगून ती दुपारच्या गाडीनं गेली.

मोकळी हवा म्हनली ना, मंग मी खळ्यातच गेले. आन् दिवस कुठले? लाल कांद्याचे. खळ्यात आमच्या ह्यांनी बाजारला न्यायचा कांदा निवडायला घेतलेला, हा ढीग. मी दोन बाजा जोडल्या, वर फळ्या टाकल्या, अस्तर पसरलं, डिंक मारला, वाटलं कमी मारला तर सुटंल म्हनून अजून मारला, भिंतीला चुना फासावा तसा. वर आईचा तुकडा पसरला, त्याच्यावर बी मारला. आन् वारं आलं. ताई, तुम्ही कांद्याच्या घरातल्या नाय, तुम्हाला सांगून कळायचं नाय, फोलपटं काय उडाली, काय उडाली, आन् सगळी येऊन बसली माझ्या डिंकावर. हिरवं लुगडं पार गुलाबी झालं. एक काढावं तर ते फाटून निम्मं तिथंच. शेवटी कंटाळले आन् म्हनलं जाऊ द्या, पोटात कोन बघतंय, आन् वरचा थर टाकला दाबून. हे माझं चुकलं. तवा मला वाटलं आपन लय हुशार.

संध्याकाळी आक्का आली. गोधडीवर हात ठेवून दाबलं. कुर्र झालं. अजून जरा पुढं दाबलं, कुर्र. म्हनली, काय गं सुमे, पोटात पापड घातले का? आन् हसत सुटली. आमचे हे बी हसले. मला भुई फाटंल तर बरं असं झालं. आन् सुई घालून बघावी तर डिंक एवढा, सुई जागच्या जागी, वढली तर दोरा डिंकानं बरबटून काळा.

पन खरी भीती निराळीच. आईचा तुकडा आत, जुनं कापड, वढलं तर फाटनार, नाय वढलं तर कुरकुर जनमभर. पाच तुकड्यांतला शेवटचा, दुसरा आनायचा कुठनं? मंग मला ज्योतीचं बोलनं आठवलं, धुतलं की निघतो म्हनली व्हती. सकाळी मोठ्या टबात थंड पानी घेतलं, सारी गोधडी बुडवली आन् खुर्चीवर बसून ऱ्हायले. हात लावला नाय दुपारपत्तोर. आन् मंग हळू, नखानं, एक एक थर सोडवला, एक एक फोलपट वेचलं. सुटला ताई तुकडा. एक धागा तुटला नाय. दोरीवर वाळत घातला आन् मी त्याच्याखाली उभी ऱ्हायले, कुनी घेऊन जाईल अशी.

मंग डोकं चालवलं. आमची कांदा साठवायची चाळ, उन्हाळी कांदा येईपत्तोर रिकामीच असती. बाजूला पट्ट्या, फटींतनं हवा खेळती, म्हंजी ज्योतीचं मोकळी हवा आपसूक झालं. झाडली, पानी शिंपडून फोलपट न फोलपट बसवलं, पुन्ना झाडली, वाऱ्याच्या अंगाला जुन्या साड्या बांधल्या. पलंगाची प्लायवूडची फळी आमच्या ह्यांच्याकडनं उभी करून घेतली, भिंतीला टेकून. आन् अस्तर वरनं चिमट्यांनी अडकवलं. आता बघा, भुई माझ्यापुढं उभी ऱ्हायली! मी कशाला बसते. डबा हातभर लांब धरला, दव पडतं एवढाच मारला, वरनं निम्मा थर ठेवला, मधनं कडंला हात फिरवत गेले, मंग खालचं निम्मं. चुनी दिसली तर उचलायचं, पुन्ना बसवायचं, सोडतो तो डिंक, राग धरत नाय. मधी आईचा तुकडा बसवला, जिथं वैशालीची छाती येईल तिथं. जे टाचायला अख्खा दिवस लागायचा ते दोन घटकेत झालं, आन् मी उभी! माझी मीच हसाय लागले त्या चाळीत. पक्का टाका मंग खुर्चीवर बसून घातला, सुई अशी सरसर गेली, आन् झाल्यावर धुऊन काढली तर डिंकाचं नाव नाय.

चैत्रात कळवणला लगीन. गोधडी मांडवात पसरली तर नवऱ्या मुलाची आजी पुढं आली, चांगली नव्वदीची, चष्मा पुसला आन् पयली काय केलं, गोधडी उलटी केली. म्हातारीनं ह्या कोपऱ्यापासनं त्या कोपऱ्यापत्तोर बोट फिरवलं. म्हातारी म्हनली, एक चुनी नाय. टाचायला बाया किती व्हत्या? मी तोंड उघडायच्या आत माझ्या मागनं आक्का बोलली, एकटीनं केलीय, उभ्यानं केलीय, चाळीच्या फटीतनं मी डोळ्यांनी बघितलीय, माझी जाऊ हाय ती. अशी छाती काढून बोलली जनू तिनंच शिवलीय. वैशालीनं गोधडी पोटाशी धरली आन् मला म्हनली आत्या, मला वाटलं व्हतं माझ्या वाटनीचं आजीचं लुगडं ऱ्हायलं. मी म्हनलं येडे, तुझी आत्या मेली का?

परत येताना जीपमध्ये आक्का माझ्याशेजारी. वणीच्या पुढं आल्यावर हळूच म्हनली, सुमे, माझ्या डोळ्यांना काय बी झालेलं नाय. गुडघेच गेल्यात. कुनाला सांगायची लाज वाटली. मला पापडाचं आठवलं, काय तरी बोलावं असं जिभेवर आलं, पन तिच्याकडं बघितलं आन् गिळलं. म्हनलं, उद्या चाळीत या, साड्या घेऊन या.

आता काय, आता आम्ही दोघी फळीच्या दोन बाजूंना. ती वरचं टोक धरती, उंच हाय ना, आन् डबा मी मारते, डबा काय मी तिच्या हातात देत नाय अजून. गावातल्या चार-पाच बाया येत्यात, ज्यांनी सुई ठेवून दिलेली त्याच साऱ्या, आन् येताना लंगडत येत्यात आन् चाळीत उभ्या ऱ्हाऊन गाऱ्हानी सांगत शिवत्यात. वैशालीचं बरं चाललंय, देव तिला सुखात ठेवो, पाचींना ठेवो. आन् तुम्हाला बी ताई, माझं एवढं रामायन ऐकलंत, तुमच्या हाताला यश येवो. पन किती येळ झाला मी खुर्चीवर आन् तुम्ही खाली मांडी घालून लिहीत बसलाय. नका बसू असं, माझं ऐका. उठा. वही ठेवा तिथं आन् हे टोक धरा.