पोटवर्गांसह

दाढदुखीने गाल धरून दवाखान्यात बसलेल्या निवृत्त मास्तरांना शेजारच्या बाकावरचे मामा-भाची नको म्हटलं तरी ऐकू येत होते. भाचीच्या मांडीवर लॅपटॉप होता.

"मामा, चार वाजता तपासणी आहे. आमच्या प्राण्यांच्या आश्रमातला एकूण आकडा दिला नाही, तर मी काही नोकरीत कायम होत नाही."

"मग विचार की डेटाबेसला."

"विचारलं. प्राणी किती? तर म्हणे शून्य! साठ कुत्री तिकडे भुंकून घसा बसवतायत!"

"अगं, नुसता 'प्राणी' म्हणून कोण नोंदवतं? कुत्रा, मांजर, गाढव हे त्याचे पोटवर्ग. 'पोटवर्गांसह शोध' असं सांगायचं. किती वेळा शिकवू?"

"सांगितलंय हो! हे बघा, लिहिलंय."

"लिहिलंयस, पण कंसाच्या बाहेर. या लिस्प संगणकभाषेत कंस मिटला की विषय संपला. बाहेर कितीही बोंबल."

"मग चूक तरी दाखवावी ना मेल्याने!"

"तो नाही दाखवत. आपण बघायचं. कुठल्या शहाण्याने मिटवला इथे कंस?"

"तुम्हीच. सकाळी फोनवर म्हणालात, 'इथे कंस घाल आणि मोकळी हो.'"

मामांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

"…बरं, हलव तो शेवटी."

"हलवला. आले! एकशे चार! पाठवते साहेबांना."

"बघ! शेवटी मामाच कामाला आला ना?"

"आला ना! पण मामा, पोरांच्या जिवावर उठलेला कंससुद्धा मामाच कसा हो निघाला?"