सत्कार खालीच होईल

(भोईवाडा. चाळीच्या चौकात मांडव, संध्याकाळची वेळ. मनाली चाकांच्या खुर्चीत, शेजारी चाळीतला अजित. मीराबाई दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत. मायलेकींच्या हातात फोन, नजर एकमेकींवर.)

मीराबाई : म्हणजे आता नगरसेवकपण खालीच बसणार?

मनाली : हो. सगळेच खाली.

मीराबाई : अगं, पोरांनी कालपासून राबून स्टेज बांधलंय. चौघांनी खुर्चीसकट उचललं असतं तुला. लहानपणी अख्ख्या चाळीच्या खांद्यावरून फिरलीस की!

मनाली : तेव्हा मला विचारलं होतं का कुणी?

मीराबाई : ऐका! जगाची अध्यक्ष झाली ना, शिंगं फुटली.

मनाली : जगाची नाही गं. दिव्यांग खेळाडूंच्या जागतिक संघटनेची.

मीराबाई : तेच ते. मी शेजारच्या रखमाला जगाचीच सांगितलंय. आता माघार नाही.

अजित : मावशी, मी अजित बोलतोय, तुम्ही स्पीकरवर आहात. स्टेजवर साऊंडवाल्याला बसवलंय. जाम खूश आहे तो.

मीराबाई : तू गप रे. तुला रॅम्प करायला सुचलं नाही?

अजित : केला ना! ताईने बघितला आणि म्हणाली, ही घसरगुंडी आहे.

मनाली : होतीच. गोळाफेक खेळायचे तेव्हा असल्या पुष्कळ बघितल्या. पदक घ्यायला मला उचलून नेलं, तर फोटोत उचलणाऱ्याचंच डोकं मोठं. एवढी चिडले होते! तेव्हाच ठरवलं, कधी खुर्ची मिळाली तर पहिला नियम हाच. जिथे खेळाडूला उचलावं लागतं, तिथे स्पर्धा नाही.

मीराबाई : खुर्ची तर तुला आधीपासूनच होती, बाय. आणि त्या कुठल्या देशाची स्पर्धा रद्द केलीस. बिचारे.

मनाली : रद्द नाही, पुढे ढकलली. महिन्याभरात नीट उतार बांधला त्यांनी.

मीराबाई : भांडकुदळ! तुझे बाबापण असेच संपात मिलच्या गेटवर ठाण मांडून बसायचे. त्यांच्याच वळणावर गेलीस.

मनाली : बरं, ते राहू दे. शाल मी तुझ्या हातून घेणार आहे. खाली ये.

मीराबाई : अजित घालेल की.

अजित : मी? मी काय जन्म दिलाय तिला?

मनाली : आई, वर्ष झालं तू उतरली नाहीस. मला वर येता येत नाही. दर वेळी आपण अशाच बोलतो, मी मान वर करून. मला तुझा हात हातात घ्यायचाय गं.

मीराबाई : गुडघे ऐकत नाहीत, काय करू? मला काय हौस आहे?

अजित : मावशी, आम्ही कशाला आहोत? खुर्चीत बसवतो, चौघं उचलतो, दोन मिनिटांत...

मीराबाई : खबरदार! मला कुणी हात लावला तर बघा. मी काय कपाट आहे? सगळी चाळ बघणार, ती रखमा दात काढणार. नाही आवडत मला असलं. मनाली, हसतेस काय?

मनाली : कुठे हसतेय?

मीराबाई : वरून दिसतं मला.

अजित : ताई, मावशींना पण घे तुझ्या संघटनेत. नियम पाठ आहे त्यांना.

मीराबाई : मने, तुलापण असंच वाटायचं? शाळेत नेताना?

मनाली : बाबांनी उचललं तर नाही. बाकी कुणीही उचललं की वाटायचं.

मीराबाई : कधी बोलली नाहीस.

मनाली : बोलले नाही, पण सातवीपासून जिना स्वतः उतरायला लागले ना. बसून, एकेक पायरी घसरत. फ्रॉक फाटतात म्हणून तू ओरडायचीस.

मीराबाई : फाटायचेच. मला वाटायचं, मस्ती करतेस. अजित!

अजित : बोला.

मीराबाई : जिन्यातली पोरं हटव. आणि सगळ्यांना सांग, तोंडं तिकडे करा.

अजित : मावशी, नगरसेवक आलेत.

मीराबाई : त्यांनापण सांग.

मनाली : आई, नवी साडी आहे ती.

मीराबाई : फाटली तर शिवेन. तू तेवढी जिन्याच्या तोंडाशी ये. माझं काही चुकलं तर ओरड.

मनाली : आलेच. हळू ये, घाई नाही. आणि आता फोन ठेव, आई. दोन्ही हात लागतात.