सातवी मी, आठवा गाएतां

सन्माननीय अध्यक्ष महासंचालक वोक्लेर, व्यासपीठावरील राजदूत मंडळी, आजचे सत्कारमूर्ती गाएतां लेस्क्यूर, आणि उभं राहून कंटाळलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

या वर्षातलं हे माझं सहावं निरोपाचं भाषण. पॅरिसमध्ये आता निवृत्तीशिवाय दुसरं काही घडतच नाही की काय, असं वाटतं. आवाज बसलाय, गुडघेही बोलतात. तेव्हा थोडक्यात सांगते.

गाएतां आर्देशच्या डोंगरातल्या पोस्टमनचा मुलगा. शिकायला ल्योंला आला, तिथे एका इराणी शिंप्याच्या दुकानात बटणं लावता लावता पाच वर्षं फारसी शिकला. कशासाठी? तेहरानच्या दूतावासात जायचं म्हणून. मग आमच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षणशाळेत आला, माझ्याच वर्गात.

आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. शेवटच्या परीक्षेच्या क्रमांकाने एकेकाने उभं राहायचं आणि पहिली नेमणूक मोठ्याने मागायची. माझा क्रमांक सातवा, त्याचा आठवा. फरक अर्ध्या गुणाचा. माझी पाळी आली तेव्हा दोनच जागा उरल्या होत्या, तेहरान आणि फिजीतलं सुवा. मला फारसीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण सातव्या क्रमांकाने सुवा मागायचं? वर्गात नाक कापलं गेलं असतं. मी म्हटलं, "तेहरान."

जिन्यात त्याला गाठून विचारलं, "चिडलास?"

"चिडून क्रमांक बदलतो का? तिकडे थंडी फार असते म्हणे. धड कोट तरी आहे का तुझ्याकडे?"

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःची फारसी शब्दांची वही माझ्या हातात ठेवली. तिच्यावर मी तेहरानमध्ये नाव कमावलं. तो सुवामध्ये बसून बुडालेल्या होड्यांचे अहवाल लिहीत राहिला. पुढे त्याच्या फाईलवर 'प्रशांत महासागराचे जाणकार' असा शिक्का बसला आणि तो कधी पुसलाच गेला नाही. अडतीस वर्षांत त्याने तेहरान पाहिलं नाही.

मघाशी महासंचालकांनी त्याच्या शांत स्वभावाचं कौतुक केलं. मला त्या शांतपणाचा फार थकवा आला आहे. एकदा तरी भांडला असता तर बरं झालं असतं.

गाएतां, ही तुझी वही. कोपरे झिजलेत, पानं सगळी आहेत.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घालावं, असं शेवटी म्हणायचं असतं. बाकीच्यांना मी ते रिवाज म्हणून म्हणते आहे. गाएतां, तुला तसं नाही.